दगडाचा पत्ता

मी कात्रजला राहायला आले ती १९८६ साली, लग्नानंतर. घराच्या मागच्या खिडकीतून घाटाचा डोंगर दिसायचा. शाळेत भूगोल शिकवत होते. दख्खनच्या पठाराचा धडा फळ्यावर कितीदा काढला असेल याची गणती नाही: पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, लाव्ह्याचे थर, काळी माती. तोच धडा खिडकीबाहेर उभा होता आणि मी त्याला कधी हात लावलेला नव्हता.

हात लावायला लावला तो सातवीतल्या एका मुलाने. त्याचे आईवडील खाणीवर दगड फोडायचे. एके दिवशी त्याने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुठीएवढा दगड काढून टेबलावर ठेवला. बाहेरून काळा, ओबडधोबड. एका बाजूने फुटलेला, आत सुपारी मावेल एवढी पोकळी, आणि त्या पोकळीत फिकट हिरवे, काचेसारखे टोकदार स्फटिक दाटीवाटीने उभे. "बाई, असलं लई निघतंय. मुकादम म्हणतो खडीत टाका."

त्या दिवसापासून मी दगडांच्या मागे आहे. शाळा संपली, निवृत्ती आली, गुडघे कुरकुरायला लागले, पण पिशवीतली सुतकी आणि भिंग सुटलं नाही. आता आसपासची तरुण मुलं येतात, सुरुवात कुठून करू म्हणून विचारतात. त्यांना तोंडी जे सांगते तेच इथे लिहिते. क्रम मी शिकले त्या ओघाचा आहे, महत्त्वाचा नाही. पहिला मुद्दा मात्र पहिलाच.

१. आधी पत्ता लिहा, मग दगडाचं कौतुक करा

तो हिरवा दगड मी काचेच्या कपाटात ठेवला. आल्यागेल्याला दाखवला. दोनेक वर्षांनी ओळखीतून भूशास्त्राचे एक प्राध्यापक घरी आले. त्यांनी भिंगाखाली तो बराच वेळ फिरवून पाहिला, "ॲपोफिलाइट" म्हणाले आणि लगेच विचारलं, "कुठल्या खाणीतला?"

मला सांगता येईना. मुलाने शाळा सोडली होती. खाणीवरचं काम संपलं की बिऱ्हाड हलतं, तसं त्याचंही हललं होतं. पुण्याभोवती तेव्हा चारही दिशांना खाणी होत्या, आणि त्याचे आईवडील त्याआधी दोन-तीन ठिकाणी काम करून आलेले होते. दगड त्यांनी कुठून आणला, कधीपासून जवळ ठेवला होता, मी काहीच विचारलं नव्हतं. "मग हा देखणा आहे, एवढंच म्हणता येईल," असं म्हणून सरांनी तो जपून जागेवर ठेवला. त्यांच्या आवाजात दोष नव्हता, हळहळ होती. ती मला जास्त लागली.

पत्त्याला एवढं महत्त्व का, ते पुढे कळलं. ॲपोफिलाइट बहुतेक ठिकाणी रंगहीन किंवा पांढरा असतो. हिरवा होतो तो व्हॅनेडियम या धातूचा अंश असला की. म्हणजे हिरवा रंग ही त्या जागच्या पाण्यात, त्या जागच्या खडकात काय होतं याची खूण आहे. जागा हरवली की खूण वाचता येत नाही. जगभरच्या संग्रहालयांत पुण्याचे झिओलाइट (असेच पोकळीत वाढलेले स्फटिक) आणि ॲपोफिलाइट आहेत, आणि जुन्या लेबलांवर नुसतं 'पूना' लिहिलेलं असतं. त्या एका शब्दात पाषाण गाव आहे की वाघोली, की आणखी कुठली तरी बुजलेली खाण, हे आता कोण सांगणार?

माझी वही साधी आहे. दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक. वहीत त्याच क्रमांकापुढे गाव, खाण, खाणीची कुठली बाजू, तळापासून अंदाजे किती उंचीवर, कुठल्या थरात, तारीख आणि देणाऱ्याचं नाव. नुसती चिठ्ठी जोडू नका. चिठ्ठी सुटते, झुरळं खातात, घर बदलताना गळून पडते. आणि हे त्याच दिवशी लिहा. रविवारी लिहू म्हणून बाजूला ठेवलेले चार दगड मी असेच निनावी करून बसले आहे.

२. काळा दगड असा एकच नसतो

पुस्तकात 'बेसाल्ट' हा एक शब्द. खाणीवर त्याच खडकाला चार नावं. ती मला खाणीवरच्या एका मामांनी शिकवली. त्यांच्या तीन पिढ्या दगडात गेलेल्या. ते भिंतीसमोर उभं करायचे आणि घणाच्या दांड्याने दाखवत बोलायचे.

एकसंध, घट्ट, घण मारला की खणखण वाजणारा तो काळा पाषाण. खडीला आणि बांधकामाला हाच हवा. त्याच्या वर किंवा खाली जांभळट, करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, मऊसर, तो मांजऱ्या. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी रंगाची पट्टी दिसते, तो गेरू. आणि सगळ्यात वर झिजून भुगा झालेला मुरूम. विहीर खणणारी माणसंही हेच शब्द वापरतात, कारण पाणी कुठे लागेल ते या चारांवर ठरतं.

आता यात माझ्या धड्यातला भूगोल घाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर चढले. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे आणि सह्याद्रीजवळ त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. वाहत्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे असतात. ते वर चढतात, आणि वरचा पृष्ठभाग थिजला की तिथेच अडकतात. म्हणून थराच्या डोक्याशी बुडबुड्यांची दाटी. तोच मांजऱ्या. थराचा मधला भाग सावकाश निवतो आणि घट्ट होतो, तो काळा पाषाण. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला, वरचा भाग झिजला, त्याची माती झाली, राख पडली आणि मग पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर पसरला, की गेरूची लाल पट्टी तयार होते. कात्रजच्या जुन्या घाटात रस्त्याकडेला कापलेल्या दरडीत हे सगळं वरून खाली वाचता येतं. मी वर्ग घेऊन तिथे गेले आणि मुलांना म्हटलं, ही लाल रेघ म्हणजे ज्वालामुखीने घेतलेला श्वास. ते वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं.

स्फटिक बुडबुड्यांच्या पोकळीत होतात, पण लाव्ह्याबरोबर नाही. खडक थंड झाल्यावर त्यातून गरम पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्याने खडकातलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून घेतलं आणि पोकळीच्या भिंतीवर थेंबाथेंबाने बसवलं. काही ठिकाणच्या ॲपोफिलाइटचं वय मोजलं गेलं तेव्हा ते आजूबाजूच्या खडकाहून कोट्यवधी वर्षांनी लहान निघालं. घर बांधल्यावर कित्येक पिढ्यांनी कुणी तरी राहायला यावं, तसं.

एवढं कळल्यावर माझं बघणंच बदललं. खाणीत गेल्यावर मी आता काळ्या पाषाणाच्या चकचकीत भिंतीकडे बघतच नाही. मुकादमाने बाजूला ढकललेल्या, कामाला न येणाऱ्या मांजऱ्याच्या ढिगाकडे जाते.

३. पोकळीत हात घालण्याआधी काडी घाला

विंचू. दुसरं काही सांगत नाही. आणि सुरुंगाची वेळ मुकादमाला विचारल्याशिवाय, लाल निशाण खाली आल्याशिवाय खाणीच्या तोंडाशीही उभं राहू नका. ताज्या सुरुंगाने हललेली भिंत तासाभराने पण कोसळते. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, आणि सोबत एक तरी माणूस.

४. रंगावर जाऊ नका, आकार बघा

नवीन माणूस रंग बघतो. रंग फसवतो. एकाच खनिजाचे पांढरे, अबोली, हिरवे नमुने एकाच तालुक्यात मिळतात. आकार मात्र त्या खनिजाच्या आतल्या रचनेतून आलेला असतो, तो खोटं सांगत नाही.

स्टिल्बाइट ओळखायचा तर मधोमध बांधलेली पेंढी आठवा. दोन्ही टोकांना पसरलेला, कमरेत आवळलेला. रंग बहुधा पांढरा किंवा फिका अबोली. ह्यूलँडाइटची चपटी, जाडसर पानं, त्यांवर मोत्याची झाक. स्कोलेसाइट म्हणजे एका बिंदूतून फुटलेला सुयांचा पुंजका. ॲपोफिलाइटचे स्फटिक कधी चौकोनी ठोकळे, कधी टोकाला निमुळते मनोरे. बाजूंवर उभ्या बारीक रेघा, आणि माथा सपाट असेल तर त्यावर मोत्यासारखी चमक. ॲपोफिलाइट या आधीच्या तीन झिओलाइटांच्या शेजारी राहतो, पण त्यांच्या कुळातला नाही, त्यात ॲल्युमिनियम नसतं. हे मला कळायला सहा वर्षं लागली.

घरातल्या घरात करता येतील अशा परीक्षा पुष्कळ आहेत. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, काचेवर ओरखडा काढते. ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट काढत नाहीत. कॅल्साइट चाकूने सहज खरवडला जातो, आणि त्या भुकटीवर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो. पारदर्शक कॅल्साइट छापील अक्षरांवर ठेवा, अक्षर दोनदा दिसतं. माझ्या वर्गात मागच्या बाकावरची मुलंसुद्धा त्यासाठी पुढे येऊन उभी राहायची.

आणखी एक प्रयोग मी दरवर्षी करायचे. स्टिल्बाइटचा, कपाटात ठेवण्याजोगा नसलेला एखादा कपचा चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. तो फुगतो, बुडबुडतो, उकळल्यासारखा दिसतो. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने हेच पाहिलं आणि 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं, झिओलाइट. दगडाच्या आत पाणी राहतं, हे वाक्य सांगून कुणाला पटत नाही. दिव्यावर पटतं. (डोळ्यांना चष्मा हवा, कपचा कधी कधी तडकतो.)

५. धुण्याची घाई करू नका

माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं नुकसान हे. १९९४ च्या पावसाळ्यात एका खाणीतून स्कोलेसाइटचा सुंदर पुंजका मिळाला होता. सुया चार-पाच सेंटिमीटर लांब, पांढऱ्याशुभ्र, पण तळाशी लाल मातीचा थर. कुणीसं म्हणालं, संडास धुवायच्या ॲसिडात दोन मिनिटं बुडव, लखलखीत होईल. बुडवला. काढला तेव्हा टोकांची धार गेली होती आणि सुयांवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा बुळबुळीत थर आला होता. नंतर वाचलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडात स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट यांची लापशी होते, आणि प्रयोगशाळेत त्यांना ओळखायची ती एक जुनी रीतच आहे. कोट्यवधी वर्षं अंधारात शाबूत राहिलेली वस्तू माझ्या स्वयंपाकघरात दोन मिनिटांत गेली. तो दगड मी टाकलेला नाही. क्रमांक २३. कुणी नवीन आलं की आधी तो हातात देते.

आता मी साधं पाणी, लहान मुलाचा दात घासायचा ब्रश आणि तीन-चार दिवसांचा धीर एवढंच वापरते. मातीला भिजू द्यायचं, ती आपण होऊन सुटते.

काहींना पाणीसुद्धा चालत नाही. मुंबई-पुण्याकडच्या खाणींत ओकेनाइट नावाचं खनिज मिळतं. पोकळीत सावरीच्या कापसाचे गोळे ठेवावेत तसं दिसतं. बोट लावायचा मोह आवरत नाही. लावलं की ते केस चिकटतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. ते डब्यात ठेवायचं, झाकण लावायचं आणि नुसतं बघायचं.

६. विकत घेताना कात्रजचा घाट आठवा

१६६३ साली लाल महालावरच्या छाप्यानंतर महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून घाटात सोडले आणि मोगली फौजेला भलत्याच दिशेला धाडलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार त्यातून आला. मी त्या घाटाच्या पायथ्याशी राहते, आणि दगडांच्या बाजारात मला तो एकदा नीट दाखवला गेला.

गोष्ट कॅव्हन्साइटची. हे खनिज पुणेकरांनी तोंडपाठ ठेवावं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिघांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव झालं. ते पहिल्यांदा सापडलं १९६७ साली अमेरिकेत, ओरेगन राज्यात, अगदी थोडं. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या दगडखाणींतून ते असं निघालं की जगातला सर्वोत्तम कॅव्हन्साइट म्हणजे वाघोलीचा, हे आज कुणीही मान्य करेल. पांढऱ्या स्टिल्बाइटच्या गालिच्यावर मोरपिशी निळ्या रंगाचे गोंडे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो खरा वाटला नव्हता. त्याचंच जुळं भावंड पेंटागोनाइट: घटक तेच, मांडणी वेगळी, आणि त्याचे जोडस्फटिक पाच टोकांच्या चांदणीसारखे, म्हणून ते नाव.

एका प्रदर्शनात मी जमवलेले पैसे मोडून असा एक नमुना घेतला. घरी आणून कोमट पाण्यात ठेवला आणि सकाळी निळा गोंडा भांड्याच्या तळाशी पडलेला. खाली पारदर्शक डिंकाचा गोल ठसा. गोंडा खरा होता, पांढरा दगडही खरा होता, पण दोघांची गाठ निसर्गाने घातली नव्हती. तो पत्ताच खोटा.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. जोडावर भिंग धरते: खरा स्फटिक खालच्या स्फटिकांत रुतलेला असतो, वर नुसता टेकलेला नसतो. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा सोबत नेते, कारण पुष्कळ डिंक त्याच्या उजेडात चमकतात. आणि विक्रेत्याला 'केवढ्याला' विचारण्याआधी 'कुठला' विचारते. जो 'महाराष्ट्र' म्हणून थांबतो त्याच्याकडून घेत नाही. निळा किंवा गुलाबी ओकेनाइट कुणी दाखवला तर तो रंगवलेला आहे. भडक जांभळे, हिरवे गोटे कापून ठेवलेले असतात, त्यांतही रंग मुरवलेला असतो.

७. अंगठीत बसेल तेच रत्न, हा हट्ट सोडा

माझ्या घरी येणाऱ्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला: "काकू, याचा खडा होईल का?" बहुतेकांचा होत नाही. कॅव्हन्साइट नखाहून थोडाच कठीण. स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट चाकूखाली ओरखडतात आणि थरांवर सोलून निघतात. घराची धूळसुद्धा त्यांच्याहून कठीण असते, कारण धुळीत गारगोटीचे कण असतात. पुष्कराज, नीलम आपल्या डोंगरात होत नाहीत, त्यांना वेगळे खडक लागतात. नशीब बदलायला दगड हवा असणाऱ्यांना मी चहा देते आणि तसं स्पष्ट सांगते.

दागिन्याला चालतील असे दगडही आपल्याकडे आहेत: अकीक, कॅल्सेडनी, कुठे कुठे जांभळा ॲमेथिस्ट. हे सगळे गारगोटीच्या कुळातले, टणक, त्याच बुडबुड्यांत वाढलेले. त्यांची ओढ तर फार जुनी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी कॅल्सेडनीची पाती काढून वापरत होते आणि मौल्यवान दगडांचे मणी घालत होते. पुणे जिल्ह्यातल्या पहिल्या दगड-वेड्यांचा पत्ता हा असा.

ज्यांना सगळं एका छताखाली बघायचं असेल त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघावं. मी तिथे पूर्ण दिवस काढला, आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन माझ्या निम्म्या दगडांची लेबलं दुरुस्त केली.

८. जे उचलता येत नाही त्याच्याकडे चालत जा

काही दगड पिशवीत मावत नाहीत, आणि मला वाटतं तेच जास्त शिकवतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल चाळींच्या आणि इमारतींच्या मधे उभा आहे, सुमारे २०० फूट उंच, उभ्या खांबांची मोळी बांधल्यासारखा. लाव्हा सावकाश निवताना आक्रसतो आणि चिखल सुकताना भेगाळतो तसा भेगाळतो; भेगा खोल गेल्या की बहुकोनी खांब होतात. असेच खांब कोल्हापूर जिल्ह्यात बांदिवड्यालाही आहेत.

निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरत राहिले आणि काळ्या पाषाणात रांजण कोरून गेले. मी तिथे उन्हाळ्यात गेले होते. एका खळग्याच्या तळाशी पाणी होतं आणि पाण्यात तीन गुळगुळीत गोटे. ज्यांनी तो कोरला त्यांतलेच. मी त्यातला एकही उचलला नाही. माझ्या कपाटात तो नुसता गोटा झाला असता.

पण लांब जायलाच हवं असं नाही. कात्रजहून सिंहगडाकडे जी रांग जाते तिच्यावर चालणारी मुलं टेकड्या मोजतात. मी त्यांना पायऱ्या मोजायला सांगते. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, मांजऱ्या झिजून उतार होतो, परत कडा, परत उतार. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याची एक खेप. या खडकाला इंग्रजांनी जो 'ट्रॅप' शब्द वापरला तोही पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. आणि खाली कात्रजचा तलाव. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेलं. नळाच्या वाटेवर हवा जायला उच्छ्वास ठेवले. ज्यांनी हे केलं त्यांना कुठला दगड पाणी धरतो आणि कुठला सोडतो ते नेमकं माहीत असणार.

९. खडीत जाणारं वाचवा, डोंगरातलं राहू द्या

मी घेतलेला जवळजवळ प्रत्येक दगड क्रशरच्या वाटेवरचा आहे. अर्ध्या तासात ज्याची खडी होणार होती तो मी मागून घेतला. डोंगरात छिन्नी लावून मी काही काढत नाही. राखीव वनातून दगड काढायला १९२७ च्या वन कायद्याने मनाई आहेच. पण कायदा नसता तरी काढला नसता. उघड्या दरडीतला स्फटिक तिथेच असला तर माझ्यामागून येणारी मुलगी तो पाहू शकते, त्याच्या पत्त्यावर.

आणि डोंगरफोड हा वेगळाच विषय आहे. खाण निदान कागदावर असते. रात्रीत उतार कापून सपाट केलेल्या जागा कुठल्याच कागदावर नसतात. जून २०१३ मध्ये जुन्या घाटापलीकडे शिंदेवाडीजवळ पावसाचा लोंढा महामार्गावर आला आणि गाडीतून निघालेल्या मायलेकी वाहून गेल्या. कापलेल्या डोंगराने पाण्याची वाट बदलली होती. त्या दिवशी पाऊस मी खिडकीतून बघत होते. ताज्या डोंगरफोडीत चांगले स्फटिक मिळतात म्हणून त्यानंतरही मला फोन आले. मी गेले नाही आणि जाणारही नाही.

१०. खाण बुजते, म्हणून आजच जा

'खडी मशीन चौक' हे नाव बसच्या पाटीवर वाचणाऱ्या किती जणांना माहीत आहे की ते दगडावरून पडलंय? आज तिथे वाहतूक कोंडी, दुकानं, इमारती. पाषाणच्या तर नावातच दगड. हिरव्या ॲपोफिलाइटसाठी पाषाणचं नाव जगभरचे संग्राहक घेतात, आणि त्या खाणी आज तुम्हाला दाखवता येणार नाहीत. वाघोलीतही खाणींशेजारी वसाहती चढल्या. भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो खोदताना निघालेले झिओलाइट युरोपच्या संग्रहालयांत पोचले, आणि ते जिथे निघाले त्या जागेवरून आपण डोळे मिटून रोज गाडीने जातो.

खाणीतली माणसंही जातात. मला शब्द शिकवणारे मामा आता नाहीत. त्यांनी दिलेल्या अकरा दगडांवर देणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव आहे. दुसऱ्या कुठल्या कागदावर ते असेल असं मला वाटत नाही. वाघोलीत 'संतुलन' संस्थेने खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला अशी शाळा मिळाली असती तर त्याची शाळा बिऱ्हाडाबरोबर हलली नसती.

आता खाणी लांब गेल्या, मी जवळ शोधते. इमारतींच्या पायाचे खड्डे चांगले असतात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला तळघरासाठी खोल खणलं. पर्यवेक्षक मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. "बाई, सुट्टीत या, मशीन बंद असतं तेव्हा." गेले. काळ्या पाषाणाखाली हातभर मांजऱ्या, त्यात वाटाण्याएवढ्या पोकळ्या, आणि भिंगाखाली स्टिल्बाइटच्या इवल्या पेंढ्या. बाजारात त्याला कुणी दहा रुपये देणार नाही. क्रमांक ४१२: कात्रज, आमची गल्ली, पूर्वेकडचा खड्डा, रस्त्यापासून सुमारे वीस फूट खाली. तिथे आता गाड्या उभ्या राहतात.

क्रमांक १ म्हणजे तो हिरवा दगड. त्याच्यापुढे गावाचा रकाना इतकी वर्षं कोराच होता. खाणीवर काम केलेलं कुणीही भेटलं की मी तो पिशवीतून काढून दाखवते. मागच्या दिवाळीत बोपदेव घाटाच्या बाजूला एक म्हातारे भेटले. त्यांनी तो उन्हात धरला, अंगठ्याने काळी बाजू चोळली, म्हणाले, "ह्यो पाषाणचा असंल. तिकडं असा निघायचा." घरी येऊन मी रकान्यात लिहिलं: पाषाण. पेन्सिलीने, आणि पुढे प्रश्नचिन्ह.